खांद्याजवळचे फ्रॅक्चर: प्लेट, रॉड आणि १ सेंटिमीटरची रेघ

दंडाचे हाड खांद्यापाशी मोडले तर त्यावर बाहेरून स्क्रूने प्लेट बसवावी की हाडाच्या पोकळीत रॉड टाकावा, या वादात दोन्ही बाजू गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले आकडे पुढे करतात. त्याआधीचा इतिहास थोडक्यात आटोपतो. शतकानुशतके हात छातीशी बांधून ठेवत. विसाव्या शतकात तारा आणि साध्या टी-आकाराच्या प्लेटा आल्या, १९५० च्या दशकात हाडाच्या वरच्या गोळ्याच्या जागी धातूचा गोळा बसवायला सुरुवात झाली. पण शस्त्रक्रिया कोणत्या फ्रॅक्चरला करायची, हे ज्या रेघेवरून ठरत आले ती १९७० सालची आहे.

हे हाड बहुधा लहानपणच्या वाढीच्या रेषांवरून मोडते आणि त्याचे चार तुकडे होतात, असे निरीक्षण १९३४ मध्येच मांडले गेले होते: गोळा, मोठा उंचवटा, लहान उंचवटा आणि खालचा दांडा. १९७० च्या वर्गीकरणाने त्याला एक अट जोडली. तुकडा १ सेंटिमीटरहून जास्त सरकला असेल किंवा ४५ अंशांहून जास्त कलला असेल, तरच तो सुटा धरायचा. एक्स-रेवर चार रेषा दिसल्या तरी सगळे तुकडे या मर्यादेत असतील तर फ्रॅक्चर ‘एकभागी’. त्याला झोळी आणि लवकर सुरू केलेला व्यायाम पुरे.

हा १ सेंटिमीटर कुठल्याही मोजणीतून आलेला नव्हता. ज्यांनी तो ठरवला त्यांनीच पुढे लिहून ठेवले की आकडा अंदाजाने घेतला होता आणि उपचार कोणता करावा हे त्यावरून ठरवायचे नव्हते. तोवर उशीर झाला होता. पाठ्यपुस्तकांत, परीक्षांत आणि ऑपरेशन थिएटरात रेघेच्या पलीकडचे ते शस्त्रक्रियेचे, असा हिशोब पक्का बसला. १९९३ मध्ये दोन अभ्यासांनी तेच एक्स-रे वेगवेगळ्या तज्ज्ञांना दाखवले, तेव्हा मते जुळेनात. काही काळाने तेच चित्र पुन्हा दाखवल्यावर त्याच डॉक्टरचे स्वतःशीही नेहमी जुळले नाही. सीटी स्कॅनने फरक पडेल ही आशाही फारशी फळली नाही. मोठ्या उंचवट्याच्या बाबतीत तर बहुतेकांनी १ सेंटिमीटर सोडूनच दिला. तो तुकडा वर सरकला की हात उचलताना वरच्या हाडाखाली अडकतो, म्हणून तिथे ५ मिलिमीटरलाच शस्त्रक्रियेचा विचार होतो. थोडक्यात, ‘तीनभागी फ्रॅक्चरमध्ये अमुक पद्धत सरस’ असे वाक्य वाचताना ते तीन भाग कोणी आणि कसे मोजले, हे आधी पाहावे लागते.

या पार्श्वभूमीवर २००० च्या सुमारास लॉकिंग प्लेट आली. जुन्या प्लेटेत स्क्रू प्लेटला हाडावर दाबून धरत, आणि म्हातारपणी गोळा आतून पोकळ झालेला असल्याने ते ढिले पडत. नव्या प्लेटेत स्क्रूच्या डोक्यालाच आटे असतात, ते प्लेटेत घट्ट बसतात आणि कोन हलत नाही. ही प्लेट पाहता पाहता सगळीकडे पोचली, पुराव्याच्या कितीतरी आधी. २००९ मध्ये १५५ रुग्णांचा अनेक रुग्णालयांतला अभ्यास प्रसिद्ध झाला: वर्षभरात ३४ टक्क्यांना गुंतागुंत, आणि १४ टक्क्यांच्या गोळ्यातून स्क्रू शस्त्रक्रियेच्या टेबलावरच आरपार गेलेला. उरलेली अडचण प्लेटेच्या गुणातच आहे. गोळा खचला तरी स्क्रू मागे सरकत नाही; त्याचे टोक कूर्चा फोडून बाहेर येते आणि सांध्याची समोरची वाटी खरवडत राहते. गोळ्याला आतल्या, म्हणजे बगलेकडच्या बाजूने आधार मिळाला तर हे बरेच टळते, हे २००७ पासून ठळकपणे मांडले जात होते. तेव्हापासून तिथे तिरपा स्क्रू घालण्यावर भर आहे.

रॉडचे गणित निराळे. जखम लहान, पण १९९० च्या दशकातले वाकडे रॉड आत शिरताना रोटेटर कफच्या (गोळ्याभोवतीच्या, हात उचलणाऱ्या-फिरवणाऱ्या स्नायूंच्या) स्नायुबंधाला, तो हाडाला चिकटतो नेमक्या तिथेच, छेद देत. पुढचे सरळ रॉड गोळ्याच्या माथ्यातून जातात. २०११ च्या ५१ रुग्णांच्या चाचणीत गुंतागुंत प्लेटेला ३१ टक्के तर रॉडला ४ टक्के होती, मात्र तीन वर्षांनी खांदे सारखेच चालत होते. २०१६ च्या ७२ रुग्णांच्या चाचणीत हालचाल पुन्हा सारखीच, पण गुंतागुंत रॉडकडे जास्त. पहिलीत फक्त दोनभागी फ्रॅक्चर होती, दुसरीत तीनभागीही होती. हा फरक मथळ्यांत हरवतो.

२०१५ मध्ये ब्रिटनमधल्या २५० रुग्णांच्या चाचणीने वादच फिरवला: दोन वर्षांनंतर शस्त्रक्रिया आणि झोळी यांत रुग्णांच्या स्वतःच्या गुणांकनात अर्थपूर्ण फरक नव्हता. टीकाकारांनी बोट ठेवले ते निवडीवर. १२५० जण तपासले, ५६३ पात्र ठरले, त्यातले ३१३ सहभागी झाले नाहीत. शस्त्रक्रिया उघडच हवी अशांना आधीच वगळले होते. हे आक्षेप रास्त आहेत. पण ‘१ सेंटिमीटर, ४५ अंश’ काटेकोरपणे पाळले नाहीत, ही तक्रार मात्र अजब वाटते. चाचणीने ती रेघ मुद्दामच सक्तीची केली नव्हती; शल्यविशारदाला शस्त्रक्रियेचा विचार करावासा वाटेल इतके सरकलेले असणे पुरेसे होते.

वयस्कांपुरता प्लेट-रॉड वाद आता तिसऱ्यानेच अडवला आहे. ‘रिव्हर्स’ नावाच्या कृत्रिम सांध्यात गोळ्याच्या जागी वाटी आणि वाटीच्या जागी गोळा बसवतात, त्यामुळे कफ निकामी असला तरी खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू हात उचलतो. २०२० मध्ये नॉर्वेतल्या ६५ ते ८५ वयाच्या १२४ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनी खांदा किती चालतो याच्या गुणांकनात या सांध्याला १०० पैकी सरासरी ६८ गुण मिळाले, लॉकिंग प्लेटेला ५४.६. त्यातही गंभीर प्रकारच्या फ्रॅक्चरमध्ये हे अंतर अधिक होते.