चार टक्के नियम

निवृत्तीसाठी साठवलेल्या पुंजीतून दरवर्षी किती पैसे काढले तर ती पुरेल, याचा अमेरिकेत रूढ झालेला ठोकताळा. पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के रक्कम काढायची आणि पुढे तीच रक्कम महागाईच्या दराने वाढवत न्यायची. बाजार चढला की पडला हे पाहायचे नाही. १० लाख डॉलर असलेल्याने पहिल्या वर्षी ४०,००० काढले आणि महागाई ३ टक्के झाली, तर दुसऱ्या वर्षी ४१,२००. दरवर्षी उरलेल्या शिलकीचे ४ टक्के, असा अर्थ पुष्कळ जण लावतात, तो चुकीचा आहे.

कॅलिफोर्नियातील आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये हा दर मांडला. त्यांचे खरे योगदान आकड्यात नसून पद्धतीत आहे. बाजाराचा सरासरी परतावा न धरता त्यांनी १९२६ पासून वेगवेगळ्या वर्षी निवृत्त होणाऱ्याची पुंजी किती टिकली असती, हे तपासले. निम्मे शेअर आणि निम्मे सरकारी रोखे असताना ४ टक्के दराने प्रत्येक वेळी पैसे किमान ३० वर्षे पुरले. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात निवृत्त होणाऱ्यांची स्थिती विशेष बिकट होती, कारण १९७३-७४ ची पडझड आणि १९७०च्या दशकातली महागाई त्यांच्या वाट्याला सुरुवातीलाच आली.

सारा प्रश्न चांगली आणि वाईट वर्षे कोणत्या क्रमाने येतात, याचाच आहे. वरच्या उदाहरणात ४०,००० काढल्यानंतर उरलेली पुंजी वर्षभरात ३० टक्क्यांनी घसरली, तर ६,७२,००० डॉलर राहतात आणि दुसऱ्या वर्षीचे ४१,२०० हे शिलकीच्या ६ टक्क्यांहून अधिक भरतात. पडलेल्या भावात विकलेले शेअर पुढच्या तेजीत हाती नसतात. तीच घसरण वीस वर्षांनी आली, तर सहसा इतके नुकसान होत नाही.

बेंगेन यांचा हिशेब निर्देशांकांच्या परताव्यावर होता, त्यात फंडाचे शुल्क नव्हते. म्हणून हा नियम पाळणाऱ्यासाठी स्वस्त इंडेक्स फंड, म्हणजे निर्देशांकातलेच शेअर घेणारा कमी शुल्काचा फंड, महत्त्वाचा. वर्षाला १ टक्का शुल्क म्हणजे पहिल्या वर्षी काढायच्या रकमेचा चौथा हिस्सा.

१९९८ मध्ये टेक्सासच्या ट्रिनिटी विद्यापीठातील तीन प्राध्यापकांच्या अभ्यासाने नियमाला प्रसिद्धी दिली. पुढे लहान कंपन्यांचे शेअर मिसळून खुद्द बेंगेन यांनी दर ४.५ टक्क्यांच्या आसपास नेला. मात्र चाळिशीत निवृत्त होणाऱ्याला ३० वर्षांचा हिशेब अपुरा आहे, आणि अमेरिकेचा भूतकाळ इतर देशांना जसाच्या तसा लागू पडत नाही.

जोनाथन गायटन आणि विल्यम क्लिंगर यांनी २००६ मध्ये सुचवलेली पद्धत अधिक व्यवहार्य वाटते. काढायची रक्कम शिलकीच्या मानाने फार वाढली, तर ती १० टक्क्यांनी घटवायची. फार कमी झाली, तर तेवढीच वाढवायची. खर्चाला अशी कात्री लावण्याची तयारी असेल, तर सुरुवात ४ टक्क्यांहून वरच्या दराने करता येते.