वीज पडते, दगड पडत नाही

कोल्हापुरात वळीव कडाडला की कुणीतरी सांगतंच: वीज पडते तिथं जमिनीत दगड घुसतो, तो घरात ठेवला की पुन्हा वीज पडत नाही. हे साफ चूक आहे. विजेसोबत आकाशातून दगड येत नाही. ती वाळूत शिरली तर वाळू वितळून काचेची वेडीवाकडी नळी तयार होते, धार लावलेला गुळगुळीत दगड नव्हे.

'विजेचे दगड' म्हणून जपलेले कितीतरी दगड नवाश्मयुगातल्या, म्हणजे माणूस शेती करू लागला त्या काळातल्या, दगडी कुऱ्हाडी आहेत. निरखून पाहा, माणसाचा हात दिसतो. आधी कपचे काढून, मग ठोकून आकार दिलेला आणि शेवटी घासून पातं आणलेलं. कर्नाटकातल्या ब्रह्मगिरीला १९४७ च्या उत्खननात अशा कुऱ्हाडी मिळाल्या. बुंदेलखंडात लोकांनी त्या झाडाखाली देव म्हणून मांडल्या होत्या. पावसानं माती धुपली की त्या उघड्या पडतात, आणि श्रेय विजेला जातं! पॅरिसमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ आंत्वान द ज्युसिअ यांनी १७२३ मध्येच ही माणसाची हत्यारं असल्याचं मांडलं होतं.

आणखी एक गफलत होते. नाण्यांच्या ठेव्यात असा दगड निघाला, म्हणजे तो नाण्यांइतकाच जुना, असं नसतं. युरोपात रोमन काळातल्या माणसांनीही हजारो वर्षांपूर्वीच्या कुऱ्हाडी उचलून जपल्या. वस्तू घडते एकदा, पुरली जाते कधीतरी नंतर. आपल्या कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरी टेकडीवरच्या ठेव्यातला पोसायडन, म्हणजे ग्रीक समुद्रदेवाची छोटी मूर्ती, तर रोमन जगातून इथवर आला; तो कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात जरूर बघा.

असा दगड सापडला तर शेंदूर फासू नका. जागा आणि खोली लिहून ठेवा, संग्रहालयाला कळवा.