पार्श्वभूमी : भाजक न शोधता मूळ ठरलेली ३९ अंकी संख्या

दोनच्या १२७व्या घातातून एक वजा केला की १७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७ ही ३९ अंकी संख्या मिळते. ती मूळ आहे, हे फ्रेंच गणिती एदुआर्द ल्युका यांनी १८७६ साली दाखवले आणि पुढची ७५ वर्षे तिच्याहून मोठी मूळ संख्या कोणालाही ठाऊक नव्हती.

दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या संख्यांना मारँ मर्सेन या धर्मगुरूचे नाव मिळाले आहे. असे कोणते घातांक मूळ संख्या देतात याची २५७ पर्यंतची यादी त्यांनी १६४४ मध्ये दिली. तीत ६७ आणि २५७ चुकीचे होते, तर ६१, ८९ आणि १०७ सुटले होते; १२७ मात्र बरोबर होता, पण तो पडताळण्याचे साधन त्या काळी नव्हते. ऑयलर यांनी १७७२ मध्ये घातांक ३१ची संख्या मूळ ठरवली, तीही भाजक तपासूनच. त्यांची युक्ती अशी की २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी राहणारे भाजकच तिथे संभवतात, त्यामुळे ४६,३४० पर्यंतचे मोजकेच उमेदवार उरतात. घातांक १२७ असेल तर ही मर्यादा वीस अंकी होते आणि हा मार्ग कागद-पेन्सिलीने बंदच होतो.

ल्युकांचे खरे श्रेय असे की त्यांनी भाजकांचा विचारच सोडला. फिबोनाची संख्यांच्या (आधीच्या दोहोंची बेरीज म्हणजे पुढची संख्या, अशी मालिका; आपल्याकडे हेमचंद्रांनी छंदशास्त्रात त्या आधीच सांगितल्या होत्या) विभाज्यतेवरून त्यांनी कसोटी बेतली. तिचे एक रूप घातांक ७ वर, म्हणजे १२७ या संख्येवर, पाहता येते. ३ पासून सुरुवात करून प्रत्येक वेळी वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि १२७ ने भागून बाकी ठेवायची : ३, ७, ४७, ४८, १६ आणि सहाव्या पदाला २५४, म्हणजे बाकी शून्य. म्हणून १२७ मूळ. ३९ अंकी संख्येसाठी हेच १२६व्या पदापर्यंत न्यावे लागते. हे गुणाकार द्विमान पद्धतीने, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांनी, करण्यासाठी ल्युकांनी १२७ × १२७ घरांचा पट सुचवला होता. दोनच्या घातात एकच कमी असल्याने भागाकाराऐवजी डावीकडे बाहेर जाणारे अंक पुन्हा उजवीकडून मिळवले की काम भागते, हा तिथला विशेष लाभ.

हीच कसोटी घातांक ६७ला लावून ल्युकांनी ती संख्या मूळ नसल्याचे सांगितले, तेही एकही अवयव हाती नसताना. फ्रँक कोल यांनी १९३ ७०७ ७२१ आणि ७६१ ८३८ २५७ २८७ हे तिचे अवयव १९०३ मध्ये जाहीर केले.

डेरिक लेमर यांनी १९३० मध्ये कसोटीला नेमके रूप दिले. १९५१ मध्ये फेरिये यांनी टेबलावरच्या गणनयंत्राने ४४ अंकी मूळ संख्या सिद्ध केली, तेव्हा ल्युकांचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी संगणकाने घातांक ५२१ गाठला. २०२४ मध्ये सापडलेली ४,१०,२४,३२० अंकी संख्याही अखेर ल्युका-लेमर कसोटीनेच पक्की करण्यात आली.