टेक्सासचा कायदा आणि टंगस्टनची तार

‘अमेरिकेने पिवळ्या बल्बवर बंदी घातली आणि टेक्सासने ती धुडकावली’ असं अजूनही अधूनमधून वाचायला मिळतं. दोन्ही विधानं अर्धीच खरी आहेत.

२००७ च्या संघीय ऊर्जा कायद्यात अट एवढीच होती, की अमुक प्रकाशासाठी अमुकपेक्षा जास्त वीज खायची नाही. १०० वॅटचा साधा बल्ब २०१२ पासून या चाळणीत अडकणार होता, ६० आणि ४० वॅटचे २०१४ पासून. टेक्सासच्या आमदारांनी २०११ मध्ये तोड काढली. राज्यघटना केंद्राला आंतरराज्य व्यापारावर अधिकार देते ना? मग टेक्सासात बनून टेक्सासातच विकल्या जाणाऱ्या बल्बशी केंद्राचा संबंध काय? ‘मेड इन टेक्सास’ असा शिक्का मारा आणि विका. गव्हर्नर रिक पेरी यांनी सही केली. ॲरिझोनातलं असंच विधेयक तिथल्या गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनी आदल्याच वर्षी परत पाठवलं होतं.

राजकारण राहू द्या, खरी गंमत बल्बमधल्या टंगस्टनच्या तारेत आहे.

तापलेली वस्तू सर्वांत जास्त ऊर्जा कोणत्या तरंगलांबीला फेकते, हे तिच्या तापमानावर ठरतं. २८९८ ला केल्व्हिनमधल्या तापमानाने भागा, उत्तर मायक्रोमीटरमध्ये येतं. बल्बची तार साधारण २८०० केल्व्हिनला असते, म्हणजे उत्तर १ च्या किंचित वर. आपल्या डोळ्याला दिसतं ०.४ ते ०.७. थोडक्यात, ऊर्जेचा मुख्य डोंगर डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत, आणि त्याचा जेमतेम पायथा आपल्या वाट्याला. म्हणून ६० वॅटचा बल्ब सुमारे ८०० लुमेनच (लुमेन म्हणजे उजेड मोजायचं एकक) देतो. वॅटमागे १३.

मग तार आणखी तापवावी? टंगस्टन वितळतं सुमारे ३७०० केल्व्हिनला, पण त्याच्या कितीतरी आधी त्याची वाफ होऊ लागते. जुन्या गोळ्याच्या काचेवर आतून काळसर थर धरतो, तो हाच. तार जिथे बारीक होते तिथे रोध वाढतो, तीच जागा जास्त तापते, तिथूनच आणखी टंगस्टन उडतं. त्यात गार तारेचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, त्यामुळे बटण दाबताक्षणी विजेचा लोंढा येतो. गोळा बहुधा लावतानाच ‘फट्’ होतो तो यामुळे.

हॅलोजन बल्बमध्ये उडालेल्या टंगस्टनला ब्रोमीन किंवा आयोडीन पकडतं आणि तारेवर परत आणून सोडतं. ते नेमकं बारीक झालेल्या जागीच बसेल असं नाही, त्यामुळे तार अमर होत नाही. पण काच स्वच्छ राहते आणि तार जास्त तापवता येते. ४३ वॅटचे असे बल्ब जुन्या ६० वॅटच्या जागी बसले आणि २००७ ची अट पाळून विकले गेले. म्हणजे पिवळा उजेड कुणी हिरावला नव्हताच.

पिवळ्या बल्बच्या जागी येऊ लागलेल्या सीएफएल दिव्यांमधल्या पाऱ्याचा बाऊही त्याच काळातला. एका दिव्यात पारा काही मिलिग्रॅम, आणि जो थर्मामीटर आपण बिनधास्त तोंडात धरायचो त्यात त्याच्या शंभरेक पट!

टेक्सासच्या युक्तिवादाची जातकुळी मात्र जुनी. मोंटानाने २००९ मध्ये बंदुकांसाठी हेच केलं, तो कायदा संघीय अपील न्यायालयाने २०१३ मध्ये फेटाळला. त्याहून आधी, १९४२ मध्ये, शेतकऱ्याने स्वतःच्या वापरासाठी पिकवलेला गहूसुद्धा आंतरराज्य व्यापारावर परिणाम करतो, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं. शिवाय शिक्का मारायला आधी बल्ब हवा, आणि जीई (जनरल इलेक्ट्रिक) कंपनीने व्हर्जिनियातला आपला मोठा बल्ब-कारखाना २०१० मध्येच बंद केला होता.

ऑगस्ट २०२३ पासून केंद्राची अट वॅटमागे ४५ लुमेन अशी झाली, आणि त्यात हॅलोजनही बाद झाले. वितळण्याच्या बेतात आलेली टंगस्टनची तारसुद्धा वॅटमागे पन्नासच्या आसपासच लुमेन देते, तीही काही क्षणच.