लॅपटॉपचा इंच तिरका असतो

इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की सोलापुरातल्या लॅपटॉपच्या दुकानांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "अहो, त्याच पैशात पंधरा-सहाचा मिळतोय, मग चौदाचा कशाला?" जास्त इंच म्हणजे मोठा स्क्रीन, हा हिशेब अर्धाच बरोबर आहे.

सोलापुरी चादर घेताना आपण लांबी आणि रुंदी, दोन्ही विचारतो. स्क्रीनचा मात्र एकच आकडा सांगतात, आणि तो कर्णाचा असतो: एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा. कर्ण तेवढाच ठेवून आयत हवा तेवढा चपटा करता येतो, आणि जितका चपटा तितकं क्षेत्रफळ कमी.

यामागचं सूत्र मला फार आवडतं. आयताचे दोन्ही कर्ण काढा. ते मध्यावर ज्या कोनात छेदतात, त्या कोनाच्या साइनला कर्णाच्या वर्गाच्या निम्म्याने गुणा, क्षेत्रफळ तयार! १४ इंचांसाठी वर्गाचं निम्मं म्हणजे ९८. कोन ९० अंशांचा असेल तर साइन १, म्हणजे पूर्ण चौरस आणि पूर्ण ९८ चौरस इंच. १६:९ आकारात (रुंदी १६ भाग, तर उंची ९ भाग) हा कोन सुमारे ५९ अंशांवर येतो आणि हातात उरतात ८४ चौरस इंच. १६:१० मध्ये ६४ अंश, ८८ चौरस इंच. ३:२ मध्ये ६७ अंश आणि ९० चौरस इंचांहून थोडं जास्त. तिन्ही खोक्यांवर छापलेलं असतं '१४ इंच'च.

आता उंची बघा, कारण वाचन, कोडिंग, पीडीएफ सगळं वरून खाली सरकतं. १५.६ इंची १६:९ स्क्रीनची उंची ७.६५ इंच, १४ इंची १६:१० ची ७.४२. फरक सहा मिलिमीटरचा! जास्तीचे इंच जवळजवळ सगळे रुंदीत गेले. पिक्सेलचंही तसंच: १९२०×१०८० ऐवजी १९२०×१२०० घेतला की १२० ओळी वाढतात.

१६:९ हा आकार मुळात टीव्हीचा. १९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अमेरिकी अभियंत्याने जुना ४:३ टीव्ही आणि रुंद सिनेमा यांच्यातला मध्य म्हणून तो सुचवला. अभ्यासाचा विचार त्यात नव्हता.

दुकानात 'अँटी-रेडिएशन' स्टिकर गळ्यात मारत असतील तर सरळ नाही म्हणा. एलसीडीतून डोळ्यांकडे येतो तो दिसणारा प्रकाश. तोच अडवला तर वाचायचं काय? डोळे चुरचुरतात ते मुख्यतः टक लावून बघताना पापण्या कमी लवतात म्हणून.

दिवसभर टॅलीत आकडे भरणाऱ्याने मात्र १५.६ चाच घ्यावा. त्यावर बहुधा वेगळा नंबरपॅड मिळतो. आणि १६:१० वर सिनेमा बारीक दिसेल ही भीती नको. १४ इंची स्क्रीनवर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात खऱ्या, पण १६:९ च्या तुलनेत चित्राची उंची जेमतेम पाच मिलिमीटरने घटते.