गर्भारपणातली त्वचा आणि आपलं घाण्याचं खोबरेल

बाटली हातात घेताना पाचव्या-सहाव्या महिन्यातल्या ताया हमखास विचारतात, "हे लावलं तर पोटावर पट्टे पडणार नाहीत ना?" खरं सांगतो, पडायचे ते पडतात. पोट वाढताना कातडीचा आतला थर ताणला जातो. ते ताणणं कुठल्याच तेलाने थांबत नाही, आमच्याही नाही. आईला पट्टे असतील तर लेकीलाही पडायची शक्यता जास्त. बाळंतपणानंतर ते लाल-जांभळे पट्टे पांढुरके, फिके होतात, पण पुरते जात नाहीत.

तेलाचा उपयोग कोरडेपणाला. ताणलेल्या पोटाला सुटणारी खाज त्याने चांगली शमते. आंघोळीला पाणी कोमट घ्या, कडकडीत नको. अंग टिपून घ्या आणि ओलसर असतानाच तेल हलक्या हाताने फिरवा. पोट रगडू नका.

गालावर, कपाळावर वांग येतात, मान-काखा काळवंडतात, बेंबीखाली काळी रेघ उमटते. हे सगळं संप्रेरकांमुळे. रेघेवरून मुलगा की मुलगी हे कळत नाही, सासूबाईंनी कितीही खात्रीने सांगितलं तरी. रेघ आणि काळवंडलेपणा बाळंतपणानंतर काही महिन्यांत बहुतेक ओसरतो, वांग मात्र काहींना राहतात. उन्हाने ते गडद होतात, म्हणून झिंक ऑक्साइडचं, किमान 30 एसपीएफचं सनस्क्रीन लावा आणि बाहेर पडताना डोक्यावर छत्री धरा. लिंबू चोळू नका, आग होऊन डाग वाढतो.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली गोरेपणाची ट्यूब तर अजिबात नको. त्यात पुष्कळदा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरायची तीव्र औषधं एकत्र असतात. पार्लरमधल्या बिनलेबलच्या डबीत पाराही असू शकतो, आणि पारा मूत्रपिंडाला व पोटातल्या बाळाला घातक. वांगांवरचा इलाज बाळंतपणानंतर त्वचारोगतज्ज्ञांना विचारून करता येतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. आठव्या महिन्यातली एक ताई तेल न्यायला आली होती. बोलता बोलता पर्समधली फणी काढून ती तळहात खाजवत होती. अंगावर पुरळ एकही नव्हतं. म्हणाली, "रात्री तळपायही असेच पेटतात, झोप लागत नाही." आम्ही तिला तेल दिलं नाही, त्याच दुपारी डॉक्टरांकडे जायला सांगितलं. तळहात-तळपायांची, रात्री वाढणारी, पुरळ नसलेली खाज यकृतातल्या पित्ताच्या अडथळ्याची असू शकते. रक्तातली पित्ताम्लं आणि यकृताची तपासणी केली की ते कळतं. पित्ताम्लं फार वाढली तर बाळाला धोका असतो, म्हणून डॉक्टर लक्ष ठेवतात, कधी प्रसूती लवकर करतात. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं हीही त्याचीच खूण असू शकते.

अशी खाज असेल तर तपासणीच्या पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. तेल नंतर कधीही न्या.