गोव्यातील घरगुती उपकरणे

गोव्यातील कुटुंबांकडे असलेली विजेची व इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणि त्या मालकीत काळानुसार झालेले बदल. इथला क्रम उर्वरित भारतापेक्षा काहीसा उलटा आहे : परदेशी वस्तू आधी आल्या, गावोगावची वीज मागाहून.

पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या दशकात खनिज निर्यातीचा पैसा खेळत होता आणि आयातीवर फारशी बंधने नव्हती. त्यामुळे युरोप-जपानचे रेडिओ आणि फ्रीज पणजी-मडगावच्या दुकानांत सहज मिळत. ते विकत घेणारी घरे अर्थात मोजकीच. एमिसोरा दि गोवा हे रेडिओ केंद्र १९४६ मध्ये सुरू झाले होते. १९५५ पासून वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांच्या गुप्त केंद्रावरून मुक्तिलढ्याच्या बातम्याही येऊ लागल्या. १९६१ नंतर भारताचे आयात-निर्बंध लागू झाले आणि ही मोकळीक संपली. वीज मात्र याच काळात शहरांबाहेर पसरली.

पुढे परदेशी वस्तू पुन्हा आल्या त्या माणसांच्या सामानातून. आखाती देशांत गेलेले नोकरदार आणि जहाजांवरचे तारवटी सुट्टीवर येताना टू-इन-वन (रेडिओ-कॅसेट प्लेअर), व्हीसीआर आणत. १९८२ च्या आशियाई खेळांनंतर रंगीत टीव्हीची ओढ देशभर वाढली, गोव्यातही.

स्वयंपाकघरातला बदल याहून मोठा म्हणावा लागेल. हुमणाचे (माशाच्या कालवणाचे) वाटण रोज रगड्यावर होई. ओले खोबरे आणि मिरच्या वाटण्यात बाईची सकाळ जाई. मिक्सरने हे काम काही मिनिटांवर आणले. चव रगड्याचीच, असा आग्रह धरणारे बहुधा वाटायला बसत नाहीत. फ्रीजमुळे मासळी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकू लागली. जून ते सप्टेंबरच्या पावसात कपडे वाळत नाहीत, म्हणून वॉशिंग मशीनमधला पाणी पिळून काढणारा भाग इथे विशेष मोलाचा. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टर लागतो. नवी खरेदी बरेचदा चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर होते.

जनगणनेच्या मालमत्ता-यादीत यातले थोडेच दिसते. २०११ मध्ये रेडिओ, टीव्ही, फोन, संगणक विचारले गेले, फ्रीज-मिक्सर नाहीत. त्या वर्षी गोव्यात सुमारे ३१ टक्के कुटुंबांकडे संगणक होता (देशात साडेनऊ), पण इंटरनेटसह सुमारे १३ टक्क्यांकडेच. शिवाय ही टक्केवारी राहत्या कुटुंबांची असते. गोव्यातील सुमारे पाचातले एक घर तेव्हा रिकामे नोंदले गेले होते; मुंबईकर वा परदेशस्थ मालकांच्या बंद घरांतले टीव्ही-फ्रीज या हिशेबात येत नाहीत.